बाई, एक शंका : ‘पिक अप यू’ की ‘पिक यू अप’?

या महिन्याच्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच गाठीशी अडली आहेत. ‘टर्न ऑफ’, ‘लुक आफ्टर’, ‘पुट अप विथ’ अशी दोन-तीन शब्दांची इंग्रजी क्रियापदं, म्हणजे ‘फ्रेझल व्हर्ब्ज’, आणि त्यांचं कर्म नेमकं कुठे ठेवायचं, ही ती गाठ. वाईच्या एका शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवताना दर जूनमध्ये ती मला नव्याने भेटायची. या वेळचं पान तिलाच देते.

कल्याणहून एक वाचक भगिनी लिहितात : बाई, सप्रेम नमस्कार. मी एका कंपनीत रिसेप्शनला असते. परदेशी पाहुण्यांना मी मेसेज पाठवला, ‘द ड्रायव्हर विल पिक अप यू ॲट एट.’ माझी नववीतली मुलगी म्हणाली, आई, ‘पिक यू अप’ हवं. ते लक्षात ठेवून पुढच्या मेसेजात मी लिहिलं, ‘वुई विल लुक यू आफ्टर.’ तेही चूक म्हणते. मग ‘यू’ मध्ये घालायचा कधी आणि नाही कधी?

तुमची मुलगी दोन्ही वेळा बरोबर आहे. पण तुमची दुसरी चूक मला मोलाची वाटते. एक नियम दिसला म्हणून तुम्ही तो पुढच्या वाक्याला लावून पाहिलात. नियम अर्धाच हाती होता, एवढंच. उरलेला अर्धा आपण शाळेत शिकलेल्या मराठी व्याकरणात आहे.

‘गाडी मागे घे’ आणि ‘गाडीमागे घे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. कानाला जवळजवळ सारखी लागतात. पहिल्यात ‘मागे’ हे क्रियाविशेषण अव्यय, ‘घे’चं सोबती. गाडी रिव्हर्स घ्यायची आहे. दुसऱ्यात ‘मागे’ शब्दयोगी अव्यय झालं, गाडीला चिकटलं. आता दुसरीच एखादी वस्तू, समजा सायकल, गाडीच्या पाठीमागे न्यायची आहे. शब्द तोच, पण तो क्रियापदाचा की नामाचा, यावर सगळं फिरतं. मराठीत हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण शब्दयोगी अव्यय आपण नामाला जोडून लिहितो आणि बहुतेक वेळा नामाचं सामान्यरूपही होतं : टेबल, टेबलावर, सभा, सभेपुढे. इंग्रजीत सामान्यरूप नाही आणि जोडून लिहिणंही नाही. तिथे ‘अप’ क्रियापदाचा असो की नामाचा, कागदावर सुटाच उभा असतो. म्हणून आपण फसतो.

आता इंग्रजीतली जोडी बघा. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवलं. वरवर दोन्ही वाक्यांची ठेवण एकच. पण पहिल्यातला ‘अप’ टेकडीचा आहे, ‘टेकडीवर’मधला ‘वर’. दुसऱ्यातला ‘अप’ ‘रॅन’चा आहे, ‘बिलावर’ असं काही तिथे नाही. नामाच्या जागी ‘इट’ घातलं की दोघांचे रस्ते वेगळे होतात. टेकडीसाठी ‘ही रॅन अप इट’, बिलासाठी ‘ही रॅन इट अप’. शब्दयोगी आपल्या नामाला सोडून जात नाही. क्रियाविशेषण मात्र क्रियापदापासून थोडं लांब उभं राहू शकतं, आणि त्या मोकळ्या जागेत कर्म बसतं.

तुमच्या दोन वाक्यांत हेच घडलंय. ‘पिक अप’मधला ‘अप’ क्रियापदाचा, म्हणून ‘पिक यू अप’. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ पुढच्या माणसाला बांधलेला, म्हणून ‘लुक आफ्टर यू’. ‘तुमच्याकडे बघू’ या वाक्यात ‘तुमच्या’ आणि ‘कडे’ यांच्यामध्ये आपण काही घालू शकतो का? इंग्रजीतही नाही घालता येत.

एक युक्ती वर्गात मला फार उपयोगी पडली, ती सांगते. आपलं क्रियापद शेवटी येतं : ‘तो बंद कर’, ‘ती मागे घे’, ‘ते खाली ठेव’. पण घाईत किंवा रागात आपण काय म्हणतो? ‘कर तो बंद!’ ‘घे ती मागे!’ ‘ठेव ते खाली!’ क्रियापद उडी मारून पुढे आलं, बाकीचा क्रम तसाच राहिला. हाच इंग्रजीचा क्रम आहे : ‘टर्न इट ऑफ’, ‘टेक इट बॅक’, ‘पुट इट डाउन’. रागातलं मराठी म्हणून बघायचं आणि इंग्रजी शब्द त्याच जागी ठेवायचे. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलांनासुद्धा हे एका तासात जमायचं, कारण ‘ठेव ते खाली!’ हे त्यांनी घरी रोज ऐकलेलं असायचं.

राहिला नामाचा प्रश्न. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. मग ‘टर्न ऑफ इट’ का नाही? इंग्रजीत वाक्याचा शेवट ही नव्या, महत्त्वाच्या गोष्टीची जागा आहे. ‘इट’, ‘यू’, ‘हिम’ ही सर्वनामं ज्याच्याबद्दल आधीच बोलणं झालंय त्याच्याच जागी येतात, त्यांच्यात नवं काही नसतं. नवी गोष्ट ‘ऑफ’ आहे : चालू नको, बंद. म्हणून सर्वनाम मध्ये दबतं आणि आघात शेवटच्या शब्दावर पडतो. ‘पिक यू अप’ म्हणताना टाळी वाजवून बघा. एक टाळी ‘पिक’वर, दुसरी ‘अप’वर, ‘यू’ मधल्यामध्ये निसटतं. मुलीलाही सोबत घ्या.

चिपळूणहून एक विद्यार्थी : बाई, मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय. क्लासमध्ये तीनशे फ्रेझल व्हर्ब्जची यादी दिली आहे. कुठली तोडता येतात, कुठली नाही, हे पाठ करावं लागेल का? आणि तीन शब्दांच्या क्रियापदांचं काय?

अर्थ पाठ करावे लागतील, त्याला इलाज नाही. ‘गिव्ह’ आणि ‘अप’ दोन्ही माहीत असले तरी ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं हे आपोआप कळत नाही. पण क्रमासाठी तीनशे ओळी घोकू नकोस. आधी क्रियापद बाजूला ठेव आणि त्यामागच्या छोट्या शब्दाकडे बघ.

‘अवे’ आणि ‘बॅक’ ही निव्वळ क्रियाविशेषणं आहेत, ‘आउट’ही बहुतेक वेळा तसाच. कर्म असेल तर ते बिनधास्त मध्ये जातं : ‘थ्रो इट अवे’, ‘गिव्ह इट बॅक’, ‘फाइंड इट आउट’. याउलट ‘ॲट’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘फ्रॉम’, ‘इंटू’, ‘आफ्टर’ आणि ‘ऑव्ह’ हे जवळजवळ नेहमीच नामाला बांधलेले : ‘लुक फॉर इट’, ‘डील विथ इट’, ‘लुक इंटू इट’, ‘टेक आफ्टर हर’. हे कधी तोडू नकोस. ‘ऑव्ह’ आणि ‘ऑफ’ आपण मराठीत एकसारखे उच्चारतो. लिहिताना मात्र ते वेगळे ठेव. ‘ऑफ’ मोकळा आहे, ‘ऑव्ह’ बांधलेला.

या दोन टोकांच्या मधले शब्द दोन्हीकडे जातात : ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘अक्रॉस’, ‘अबाउट’. तुझी सगळी मेहनत यांच्यावर खर्च कर. इथेही वहीत नुसतं ‘पुट ऑफ’ लिहू नकोस, ‘पुट इट ऑफ’ असंच लिही. ‘कम अक्रॉस’ नको, ‘कम अक्रॉस इट’ लिही. ‘इट’ जिथे बसलाय तिथे नियमही बसलेला असतो, वेगळा रकाना लागत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशांत क्रियापद आणि छोट्या शब्दामध्ये ‘समथिंग’चं छोटं रूप छापून एक दुतोंडी बाण काढलेला असतो. बाण म्हणजे कर्म दोन्हीकडे चालतं. अशा शब्दकोशांची वाट ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने मोठी केली. तो जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता, आणि त्याचा व त्याच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली टोकियोत आधी छापला गेला. परक्या मुलाला शब्दाच्या अर्थाइतकीच त्याची जागाही सांगावी लागते, हे त्याला वर्गात उमगलं होतं.

तीन शब्दांची क्रियापदं उलट सोपी आहेत. त्यांत शेवटचा शब्द शब्दयोगी असतो, म्हणून कर्म सगळ्यांच्या मागे : ‘पुट अप विथ इट’, ‘रन आउट ऑव्ह इट’. ‘लुक फॉरवर्ड टू’ही तसंच. त्यातला ‘टू’ नामाची वाट बघत असतो, म्हणून ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘टू मीट यू’ नव्हे. ही चूक मी मुलाखतीला जाणाऱ्या मुलांच्या अर्जांत इतक्यांदा पाहिली आहे की तुझ्या अर्जात ती राहू नये असं मनापासून वाटतं. ‘कोप अप विथ’ही लिहू नकोस, तिथे ‘अप’ नाहीच, नुसतं ‘कोप विथ’.

पुण्याहून भाषांतराचं काम करणाऱ्या एक वाचक : ‘ही टर्न्ड द ऑफर दॅट द कंपनी हॅड मेड हिम इन मे डाउन’ हे वाक्य संपादकांनी बदललं. नियमाप्रमाणे कर्म मध्ये चालतं ना?

चालतं, पण हे कर्म फार लांब आहे. ‘टर्न्ड’ वाचल्यावर वाचक ‘डाउन’ची वाट बघत बसतो आणि ‘मे’पर्यंत पोचताना धागा सुटतो. सर्वनाम मध्येच, छोटं नाम कुठेही, लांब कर्म शेवटी : ‘ही टर्न्ड डाउन द ऑफर दॅट...’. जड घटक मागे सरकतात ही प्रवृत्ती ओटो बेहागेल या जर्मन अभ्यासकाने १९०९ सालीच मांडली होती. त्याच कारणाने ‘शी पुट ऑफ गोइंग टू द डॉक्टर’ या वाक्यातलं ‘गोइंग टू द डॉक्टर’ मध्ये कोंबू नये. संपादकांचं बरोबर आहे.

रत्नागिरीहून एक ज्येष्ठ वाचक : बाई, मी संस्कृतचा विद्यार्थी. क्रियापदाचे दोन तुकडे करून मध्ये कर्म घालायचं, हा प्रकार मला परका आणि ओबडधोबड वाटतो. आपल्या भाषांत असं कुठे आहे?

आपलं पत्र मी दोनदा वाचलं, कारण याचं उत्तर आपल्या कपाटातच आहे. ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे आपण मला शिकवाल. एक छोटा शब्द धातूचा अर्थ कुठच्या कुठे नेतो. ‘टेक’चे ‘टेक ऑफ’, ‘टेक इन’, ‘टेक ओव्हर’ होतात ते असंच. फरक इतकाच वाटतो की आपला उपसर्ग धातूला घट्ट लागून पुढे बसतो. पण नेहमी तसं नव्हतं. पाणिनीने आधी सांगितलं की हे उपसर्ग धातूच्या आधी येतात, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदातली मोकळीक नोंदवली : वेदात ते नंतरही येतात, आणि ‘व्यवहिताश्च’, म्हणजे मध्ये दुसरे शब्द घालून दूरही राहतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताची सातवी ऋचा आपल्याला पाठ असेल. ‘उप’ आरंभी येतो, मध्ये ‘त्वा’ हे कर्म येतं, अग्नीला हाक येते, दिवसरात्र येतात, आणि ‘एमसि’ हे क्रियापद अगदी शेवटी. उपसर्ग आणि क्रियापद यांच्यामध्ये जवळजवळ सगळी ऋचा उभी आहे.

जर्मनमध्ये हे आजही रोजचं आहे. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीच्या महिन्यांतच ‘इख रूफं डिख आन’ शिकवतात. ‘आनरूफन’ म्हणजे फोन करणं, त्यातला ‘आन’ तुटून वाक्याच्या शेवटी जातो आणि ‘डिख’, म्हणजे ‘तुला’, मध्ये बसतं. इंग्रजी या जर्मनचीच बहीण. संस्कृतशी दोघींचं लांबचं नातं.

अवघड वाटणं मात्र अगदी खरं आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहिलं की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत जास्त अडचणीची आहे. त्या वेळी या प्रकाराला नावही नव्हतं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअर्सॉल स्मिथ यांनी १९२५ साली प्रचारात आणलं, आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं नमूद केलं.

छोट्या शब्दाने अर्थाला पूर्णता आणण्याचं काम मराठीत संयुक्त क्रियापद करतं, तेही पाहावं. ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’ यांत जो फरक, तोच ‘ड्रिंक युअर मिल्क’ आणि ‘ड्रिंक अप युअर मिल्क’मध्ये. त्या ‘अप’मध्ये वर जाणं काही नाही. तो आपला ‘टाक’ आहे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाकणं, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं. मला ही जुळणी इतकी सुंदर वाटते की ‘अप’ शिकवताना मी नेहमी इथूनच सुरुवात केली.

न्यू जर्सीहून, मुलाकडे राहायला गेलेले एक आजोबा : इथे घराच्या दुरुस्तीचं काम चालू आहे. ठेकेदार म्हणाला, ‘डोंट वरी, आय विल सी इट थ्रू.’ मला वाटलं, आमचं काहीतरी लबाडीचं त्याला दिसलं. मुलगा म्हणाला, तसं नाही. कसं नाही?

मुलगा बरोबर सांगतोय. ‘सी थ्रू इट’ म्हणजे आरपार बघणं, डाव ओळखणं. ‘सी इट थ्रू’ म्हणजे काम शेवटाला नेणं. ठेकेदार आपल्याला धीर देत होता. ‘थ्रू’ ‘इट’च्या आधी आला तर शब्दयोगी, त्या वस्तूच्या आरपार. नंतर आला तर क्रियापदाचा, पार होईपर्यंत. ‘पार’ आणि ‘आरपार’ हे दोन शब्द लक्षात ठेवलेत तरी पुरे.

अशा जोड्या तिथे रोज कानावर पडतील, म्हणून आणखी दोन देते. ‘टर्न इट ऑन’ म्हणजे चालू कर, पण ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा त्याच्या अंगावर धावून गेला. ‘अंगावर’मधला ‘वर’ जसा अंगाचा, तसा तो ‘ऑन’ ‘हिम’चा. ‘लेट अस टॉक इट ओव्हर’ म्हणजे बसून चर्चा करू, आणि ‘ही टॉक्ड ओव्हर मी’ म्हणजे मी बोलत असताना तो माझ्यावर आवाज चढवून बोलला. काही क्रियापदांत कर्म मध्येच लागतं, बाहेर जातच नाही. आपल्याला जुळी नातवंडं आहेत असं पत्रात आहे, म्हणून हे घ्या : ‘आय कॅनॉट टेल देम अपार्ट’, मला दोघांतलं कोण कोणतं ते ओळखू येत नाही.

नाशिकहून एक आई : माझ्या मुलाने चाचणीत ‘शी पुट द लॅम्प आउट’ लिहिलं. शिक्षकांनी चूक दिली, कारण उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात ‘पुट आउट द लॅम्प’ आहे. बाई, खरंच चूक आहे का? शाळेत जाऊन बोलू का?

चूक नाही. दोन्ही बरोबर आहेत, आणि सर्वनाम असतं तर मुलाचाच क्रम चालला असता : ‘शी पुट इट आउट’.

हे मी ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, सहामाहीच्या पेपरात एका मुलीने ‘ही टुक हिज शूज ऑफ’ लिहिलं होतं. माझ्या टेबलावरच्या गाइडमध्ये ‘टुक ऑफ हिज शूज’ होतं. मी दोन गुण कापले. ती स्टाफरूमच्या दाराशी आली, म्हणाली, बाई, रेडिओवर असंच ऐकलंय. मी म्हटलं, रेडिओवर परीक्षा नसते. पुढच्या वर्षी ग्रंथालयात नवा शब्दकोश आला, त्यात दोन्ही क्रम छापलेले होते. तोवर ती दहावी होऊन गेली होती. तिचे गुण मला परत देता आले नाहीत. तिचं कान देऊन ऐकणं बरोबर होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यानंतर पेपर तपासताना मी गाइड बंद ठेवलं आणि शब्दकोश उघडा.

तेव्हा जरूर जा. पण मुलाला सोबत घेऊन वर्गात जाऊ नका. शिक्षकांचा ऑफ तास विचारा आणि एकट्या भेटा. शब्दकोशात ‘पुट’ची नोंद काढा, बाण आहे ते पान उघडून समोर ठेवा आणि ‘सर, हे एकदा बघाल का’ एवढंच विचारा. गुण मिळोत न मिळोत, घरी आल्यावर मुलाला तेच पान दाखवा, म्हणजे पुढच्या पेपरात तो घाबरून आपलं बरोबर वाक्य खोडणार नाही.